झोळीची दोरी

झोळीतलं पोर रडून रडून काळंनिळं झालं होतं आणि त्याची आई, रोहिणी, हातभर अंतरावर पाठमोरी बसून निवांत नाचणी पाखडत होती.

"ताई!" हर्षदानं दारातूनच हाक मारली. मुंबईहून एसटीनं जव्हार, तिथून जीपनं साखरशेत, अशी ती धापा टाकत आली होती. सूप थांबलं नाही.

रोहिणीला क्षयाची इंजेक्शनं सुरू व्हायची होती, तेव्हा त्यांची बहिरी आई, ठकी, दारात आडवी पडली होती. "माझ्या आईकडच्या बायांना ती सुई सोसत नाय. कान जातात. माझे गेले, मावशीचे गेले." पण हर्षदा पडली औषधांचं शिकणारी, तिच्यापुढं अडाणी बाईचं कोण ऐकणार? तिनं आईला पाटीवर चित्र काढून दाखवलं: हा जंतू, हा त्याच्या पोटातला आरएनए. औषध जाऊन त्यालाच चिकटतं, जंतू मरतो. माणसाच्या आरएनएला हातसुद्धा लावत नाही. मग बहिणीला स्वतः धरून दवाखान्यात नेलं.

पुढचं तिनं काल वाचलं. काही घराण्यांत आईकडून पोरांकडे असा आरएनए येतो, की औषध त्यालाही जंतूचाच समजून धरतं. कान जातात ते त्यानंच. सुई थांबवा म्हणून सांगायला ती धावत आली होती. बैल गेला नि झोपा केला!

तिनं झोळीला झोके दिले. पोराचा डोळा लागला.

सावली हलली तशी रोहिणी वळली, बहिणीला बघून हसली. "खोकला पार गेला गं!" आवाज नको तेवढा मोठा होता. हर्षदानं सुया अजून चालू आहेत का ते विचारलं. "तू तोंडातल्या तोंडात काय बोलतेस?"

ठकी आतून सुतळी घेऊन आली. एक टोक तिनं झोळीला बांधलं, दुसरं रोहिणीच्या पायाच्या अंगठ्याला, आणि हातवारे करत तिला म्हणाली, "घाबरू नको. पोर हललं का दोरी सांगते. तुझ्या या धाकट्या बहिणीला मी अशीच वाढवली." हर्षदाला एक शब्दही टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मायलेकी गाठ नीट बसवत होत्या.

"आई, माझं चुकलं!" हर्षदा जिवाच्या आकांतानं ओरडली.

दोघींपैकी कुणी मान वर केली नाही. झोळीतलं पोर तेवढं दचकलं, हातपाय झाडू लागलं. दोरी ताणली, आणि रोहिणी उठली.