शाफ्टवरची रेघ

चौऱ्याऐंशी साली मजीदच्या लाँचचा पंखा फिरवणारा जुना शाफ्ट मीच काढला. माझ्या मिरजोळ्याच्या वर्कशॉपात तो रॉकेलने पुसला, वर खडू घासला, तेव्हा पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली.

“चीर आहे,” मी म्हणालो. “लोखंड एका दणक्याने तुटत नाही, मजीद. तोच पीळ पुन्हा पुन्हा बसला की ते थकतं.”

नवा शाफ्ट घालून तो दर्यात गेला. लाँच परत आली नाही.

शिमग्यानंतर कोपऱ्यातल्या जुन्या शाफ्टवर मी सहज खडू घासला. रेघ वाढली होती. पडून राहिलेल्या लोखंडाला कसला आलाय पीळ? नजरेवर भरवसा नको म्हणून रेघेच्या टोकाशी पंच मारून खूण केली. आठवड्याभरात चीर ती खूण ओलांडून गेली.

मजीदच्या बायकोपाशी, झुबेदापाशी, मला गप्प बसवेना. ऐकून ती एवढंच म्हणाली, “म्हणजे त्यांचं मशीन अजून चालू हाय, केरूभाऊ.”

मग ती दर शुक्रवारी येऊ लागली. रेघ लांबलेली दिसली की तिचा चेहरा उजळायचा. मी मात्र टोकांमधलं उरलेलं अंतर मोजायचो, कारण रेघ शाफ्टला वेढा घालत चालली होती.

एका दुपारी रेघेची टोकं जवळजवळ भिडली. मी खडू खाली ठेवला. झुबेदा खाली बसली, शाफ्टवर तळहात ठेवून हसली. “गरम लागतोय.”

टणकन आवाज झाला. तिच्या हाताखाली शाफ्टचे दोन तुकडे झाले.

तिने हात काढला नाही.

“गार होतोय, केरूभाऊ,” ती म्हणाली.