येतो म्हण

आमची संयोगिता टोरांटोला निघाली आणि उंबऱ्यात म्हणाली, "जातो गं आई."

माझं डोकंच फिरलं. "एवढी शिकलीस, आन् निघताना 'जातो' म्हणत्यात व्हय? येतो म्हण!"

तीही चिडून ओरडली, "येतो, येतो, येतो! झालं?"

मुंबईहून विमान उडालं, तशी मी मोबाईलवर विमान कुठं पोचलं ते दाखवणारा नकाशा उघडून बसले. टोरांटो साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तासांचा प्रवास. पण अंतर कमी व्हायचं सोडून वाढायलाच लागलं. ते चिमुकलं विमान रांगत रांगत गगनबावड्यावरून इकडंच येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या उचगाववर येऊन थांबलं. विमान कंपनीच्या बाईला मी फोनवर झाडलं, "थट्टा लावलीय व्हय आमची?"

"मॅडम, विमान टोरांटोला वेळेत उतरलंय."

तेवढ्यात संयोगिताचाच व्हिडिओ कॉल आला. "पोचलो गं आई. बॅगेची वाट बघाय लागलोय."

बाहेर फरशीवर बॅगेची चाकं खडखडली. कडी वाजली.

"कोण आलंय गं?" फोनमधल्या संयोगितानं विचारलं.

दाराबाहेरून तिचाच चिडका आवाज आला, "आई, दार उघड की! येतो म्हटलंवतं न्हवं?"