दहा मिनिटं

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या तांबोळीने शेवटी हात टेकले. पंखा साफ केला, पॉवर सप्लाय बदलला, तरी वहिनी टायपिंग सोडून उठल्या की मशीन बंद.

“कणीक मळायला गेले की हमखास,” त्या म्हणाल्या. “आणि लगेच ऑफिसातून ह्यांचा फोन. कुठे होतीस म्हणून.”

तांबोळी चपापला. त्याने सेटिंग्ज पुन्हा चाळल्या. कुणीतरी मुद्दाम प्रोग्रॅम टाकला होता. दहा मिनिटं एकही बटण दाबलं गेलं नाही, की मशीन बंद आणि एका मोबाइलवर मेसेज. त्याने नंबर वाचून दाखवला.

नवऱ्याचाच होता. वहिनी कोरडे हात ओढणीला पुसत राहिल्या.

“काढून टाकतो,” तांबोळी म्हणाला.

“राहू द्या, भाऊ. मशीन निदान दहा मिनिटं उठू देतं. ते घरी असले की तेवढीही मिळत नाहीत.”