अण्णांची सभा

अण्णांच्या प्रत्येक सभेला माईक तिसगावच्या बाबाजानचाच असायचा. भाषण चालू असताना अजान सुरू झाली, की अण्णा हात वर करायचे. "बाबाजानभाई, माईक बंद करा. आधी अजान होऊ द्या." लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्यांवरच अण्णा दोनदा आमदार झाले.

यंदा अण्णांनी पक्ष बदलला. बाजारतळावर पहिली सभा झाली. पक्ष नवा, समोर बसलेली माणसं तीच. भाषण रंगात आलं आणि अजान सुरू झाली. बाबाजाननं सवयीनं माईक बंद केला.

अण्णा क्षणभर नुसतेच ओठ हलवत राहिले. मग स्टेजवरून ओरडले, "ए माईकवाल्या, चालू कर! आवाज वाढव!"

टाळ्या पूर्वीपेक्षा जोरात पडल्या.