पलीकडचा उजेड

"प्रोजेक्टरच्या डब्यावर दहा हजार लुमेन लिहिलंय," बीरान म्हणाला.

"डब्यावर काय, तुम्ही म्हणाल तर वीस हजार लिहून देतो," दुकानदार शिहाब म्हणाला. "आत उजेड मेणबत्तीएवढा. बंद खोलीत पोरांना कार्टून दाखवायला ठीक आहे. तुम्हाला घरात लावायचाय की अंगणात?"

"अंगणात. वर्ल्ड कपसाठी."

"मग हा नको."

मंजेरी गावच्या बाजारातल्या त्या दुकानात बीरान पुन्हा पुन्हा येत होता. खिसा बेताचा आणि अट एकच: शेजारच्या बापुट्टीपेक्षा चित्र मोठं हवं.

मागच्या वर्ल्ड कपला सगळी गल्ली बापुट्टीच्या अंगणात लोटली होती. बापुट्टी ब्राझीलचा, बीरान अर्जेंटिनाचा. एका फाटलेल्या पोस्टरवरून दोघांचं जुंपलं आणि तेव्हापासून बोलणं बंद. बीरानने त्या अंगणात कधी पाऊल टाकलं नव्हतं. कुंपणाच्या उंच भिंतीवरून येणारा उजेड आणि आरोळ्या एवढंच त्याला ठाऊक. तेही त्याने सोसलं असतं. पण त्याचे वडील, उप्पा, खांद्यावर पिवळा पंचा टाकून रोज तिकडेच जाऊन बसायचे. आपल्या बापाची खुर्ची दुसऱ्याच्या अंगणात, हे त्याला चार वर्षं सलत होतं.

शिहाबने काउंटरखालून एक वापरलेला प्रोजेक्टर काढला. "हा बघा. उजेड खरा आहे. कालच आलाय. घरात लग्न निघालं म्हणून विकला बिचाऱ्याने. निम्म्या किमतीत देतो."

बीरानने भिंतीवर चित्र पाडून पाहिलं. कडेची अक्षरं पुसट होतात का ते तपासलं, पंख्याची घरघर कान लावून ऐकली. खोट काढता येईना. झाकणावर पिवळ्या-हिरव्या चिकटपट्टीचा तुकडा होता, तो त्याने नखाने खरवडून टाकला.

"पडदाही न्या," शिहाब म्हणाला. "मागून काळा असतो. साध्या कापडातून उजेड फुकट जातो."

"जाऊ दे. घरी चादरी आहेत."

घरी मैमूना, त्याची बायको, म्हणाली, "आपली भिंत पांढरीशुभ्र आहे. तिच्यावर पाडा की चित्र. चादरी कशाला खराब करता?"

"भिंत बापुट्टीला दिसत नाही." बीरानने दोन चादरी जोडून शिवल्या आणि कुंपणालगतच्या दोन पोफळींना ताणून बांधल्या. अख्खा पडदा कुंपणाच्या वर. "सकाळी चहा पिताना त्याला दिसलं पाहिजे, पडदा कशाला म्हणतात ते."

"जळू दे म्हणा की सरळ."

"जळू दे."

फाटकाला त्याने निळा-पांढरा झेंडा लावला आणि खाली पाटी: पिवळे कपडे घालून आत येऊ नये.

पहिल्या संध्याकाळी त्याने सर्वांत पुढे वेताची खुर्ची मांडली, तिच्यावर उशी ठेवली. "उप्पा, ही तुमची."

"आणि हा पंचा?"

"तो तेवढा घरात ठेवून या."

उप्पा हसले. "तुझ्या जन्माआधीपासून मी ब्राझीलचा आहे, मोने," लेकाला लाडाने हाक मारत ते म्हणाले. काठी टेकत ते फाटकाबाहेर पडले आणि शेजारच्या फाटकातून आत गेले.

अर्जेंटिनाचा सामना असला की बीरानकडे माणसं यायची, सुलेमानी चहा प्यायची, निघून जायची. एरवी खुर्च्या रिकाम्या. पलीकडे मात्र रोज जत्रा. बापुट्टीच्या फणसावर रंगीत उजेड हलत असायचा. बीरान सामन्यापेक्षा त्या पानांकडेच जास्त बघायचा.

"नवा घेतलाय त्याने," तो म्हणाला. "पानं बघ कशी उजळलीत. आपल्या तोडीचा असणार."

"पण तिकडून समालोचन कुठं ऐकू येतंय?" मैमूना म्हणाली.

"आपल्या आवाजापुढे ऐकू येणार कसं?" असं म्हणून त्याने आवाज आणखी वाढवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याला राहवलं नाही. "तिथं एवढं काय आहे, उप्पा?"

"माणसं आहेत."

"आणि चित्र?"

उप्पांनी तांदळाच्या पत्तिरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. "चित्र झकास आहे. अगदी तुझ्याइतकं."

बीरान अर्ध्या जेवणावरून उठला.

ब्राझीलचा बाद फेरीचा सामना त्याने मुद्दाम लावला. त्यांना हरताना बघायचं होतं. अंगणात तो एकटा. मैमूना पायरीवर लसूण सोलत बसली होती. पलीकडे पाय ठेवायला जागा नसावी, असा गलका.

"अरे, हा डावखुरा कधीपासून झाला रे?" पलीकडून कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" बीरान पुटपुटला. गोल मारणाऱ्याने चांगला उजव्या पायाने मारला होता.

बरोबरी झाली. शेवटची मिनिटं. आणि पंचाने ब्राझीलला पेनल्टी दिली.

पलीकडच्या आरोळीने भिंत हादरली. त्या आरोळीत उप्पांचा घोगरा आवाज त्याने बरोबर ओळखला. आपल्या अंगणात हा माणूस असा कधी ओरडला नव्हता. समोर वेताची खुर्ची. तिच्यावरची उशी पहिल्या दिवशी ठेवली तशीच होती.

"बंद करतो," तो म्हणाला. "कुणासाठी जाळायचा हा दिवा?"

"अहो, एवढी पेनल्टी तरी—"

त्याने बटण दाबलं. चादर काळी पडली. तिच्यामागे फणसाची पानंही काळी पडली. पलीकडचा गलका कापल्यासारखा थांबला.

मग भिंतीवरून उप्पांचा आवाज आला.

"मोने, लाव रे परत! पेनल्टी आहे!"