गुरुवारची आजी

“आईला न्यायला यायचंच असेल तर धक्क्यापर्यंत ये ताई, पण वर मंडपात येऊ नकोस,” असं धाकट्या बहिणीने, फेलिपाने, तिला दोनदा बजावलं होतं. रोसेंदाने ते कानाआड केलं. लपवण्यासारखं काही असल्याशिवाय कोण असं बजावेल?

पाठीला तान्ही लेक बांधून ती सरोवरातून सान मार्कोसला जाणाऱ्या होडीत चढली. आज आईला परत आणायचं, आणि पुन्हा पाठवायचं नाही, हे तिने कालच ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यापासून गुरुवारीही दुकानात पर्यटकांचा एक ग्रुप येणार होता. आईशिवाय दाखवायचं काय?

“तुमच्या आई तिकडे देवी झाल्यात म्हणे,” होडीवाला म्हणाला. “गोरे पाया पडतात.”

“मग आमच्या सासूबाईंनाही न्या,” सान पाब्लोची एक बाई दोरखंडाच्या भाऱ्यावर बसून म्हणाली. “त्यांच्या शिव्या ऐकून तरी पाया पडतील.”

होडी हसली. रोसेंदा हसली नाही. हात मागे नेऊन तिने चाचपलं, शाल बाळाच्या नाकावर तर आली नाही ना. दर दोन मिनिटांनी ती हे करायची.

रोसेंदाच्या सान हुआनमध्ये वीतभर जमीन परक्याला विकत नाहीत. परदेशी येतात, कापड बघतात, घेतात आणि शेवटच्या होडीने निघून जातात. सान मार्कोसने किनाराच विकून टाकला. तिथे ते राहायलाच आले, आणि गावकरी डोंगरावर सरकले. तरीही तिथे राहणाऱ्या फेलिपाकडे फ्रिज होता, गॅस होता, आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा घडाघडा इंग्रजी बोलायचा. कॉलेज केलं रोसेंदाने, आणि इंग्रजी बोलतो फेलिपाचा मुलगा. हे तिला घासाघासाला टोचायचं.

पण खरी जळजळ आईची होती.

रोसेंदाच्या दुकानाच्या दारात आई विणायला बसायची. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने आईच्या कमरेला. नजर अधू झाली होती, पण बोटं चुकत नव्हती. शेजारी रोसेंदाने स्वतःच्या अक्षरात इंग्रजी पाटी लावली होती: ‘वय एक्याऐंशी. अजून रोज आठ तास विणते.’ प्रत्येक ग्रुप त्या पाटीपाशी थांबायचा. शेजारणी म्हणायच्या, आईला किती मान दिलास गं.

गुरुवारी गिऱ्हाईक नसायचं, म्हणून त्या दिवशी फेलिपा तिला घेऊन जायची. परदेशी लोकांच्या कसल्याशा कोको पिण्याच्या विधीला गावची वडीलधारी आजी हवी असायची. आणि सहा दिवस हाक मारून उठवावी लागणारी आई गुरुवारी कोंबड्याआधी वेणी घालून तयार असायची. परतताना गालांवर रंग असायचा. घेवड्याचं ताट ती बाजूला सारायची.

“तिकडे करतेस तरी काय, आई?”

“नुसती बसते गं.”

नुसतं बसून कुणाच्या चेहऱ्यावर तेज येत नाही. सहा दिवस राबायचं मी, आणि मोहर फुलायचा फेलिपाच्या अंगणात.

होडीतून उतरून ती थेट वर गेली आणि मंडपाच्या खांबाआड उभी राहिली. पांढऱ्या कपड्यांतले वीसेक परदेशी डोळे मिटून, हातात कोकोचा वाडगा धरून बसले होते. समोर आई, पाठीला उशा, पाय लांब पसरलेले. शेजारी फेलिपा.

आई आपल्या भाषेत, त्झुतुहिलमध्ये, बोलत होती. “आज होडीवाल्याने मेल्याने ओल्या फळीवर बसवलं. सगळं मागून भिजलं.”

“आजी म्हणते,” फेलिपाने गंभीर आवाजात इंग्रजी केलं, “सरोवराने आज तिला आशीर्वाद दिला.”

तांबड्या दाढीचा एक माणूस हुंदके देऊ लागला.

रोसेंदाला आतून उकळी फुटली. सापडली. लबाड, पक्की लबाड. आईच्या तोंडचे शब्द फिरवून परक्यांना फसवते. उद्या सगळ्या सान हुआनला हे कळेल, मग बघू कोण आईला पाठवतं ते. ती खांबाआडून एक पाऊल पुढे आली.

फेलिपाने तिला पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आई, पुरे आज. खरंच पुरे.”

“थांब गं. यांना कुठे काय कळतंय?” आई म्हणाली. “म्हणून तर बोलता येतं.”

आणि ती त्या मिटलेल्या डोळ्यांकडे वळली.

“बाबांनो, तुमच्यापैकी कुणी सान हुआनला जातं का? धक्क्यावरून वर चढलात की डाव्या हाताला दुकान आहे. दारात एक म्हातारी गुडघे मुडपून बसलेली दिसेल, कमरेला माग बांधलेला. लेक गुणी आहे तिची, शिकलेली. पण गिऱ्हाईक आलं की सोडायचं विसरते. लघवीला जायचं तरी म्हातारी वाट बघत बसते. हवे तर फोटो काढा. पण तिच्याकडे एकदा बघून या. गुडघे दुखतात का आजी, एवढं विचारा. फक्त लेकीसमोर नका विचारू. तिच्यासमोर विचारलं की मला नाही म्हणावं लागतं.”