इद्रिसच्या नावाच्या गोळ्या

सुदानहून नागपूरला शिकायला आलेल्या इद्रिसला १९७८ साली क्षय झाला. त्यानंतरही त्याच्यासोबत एका ताटात जेवणारा वर्गात एकटा रुपरावच उरला. "तू पडून राय गा, गोळ्या मी आणतो," म्हणत तो दर महिन्याला इद्रिसचं कार्ड घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभा राहायचा. परक्या मुलखात सख्खा भाऊ मिळाला, असं इद्रिसनं आईला पत्रात कळवलंही होतं.

सहा महिने झाले तरी खोकला हटेना, तेव्हा इद्रिस स्वतःच दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून विचारलं, "रोजच्या चार गोळ्या घेतोस ना?"

"मला तर दोनच मिळतात, साहेब."

तिथून तो तडक लकडगंजला, रुपरावच्या घरी गेला. रुपरावची धाकटी बहीण गोपिका ओसरीवर बसली होती. अंगाला हळद लागलेली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलेलं. ती पाण्याच्या घोटासोबत दोन गोळ्या गिळत होती. बाजूला पडलेल्या पुडीवर इद्रिसचं नाव होतं.

रुपराव बाहेर आला आणि त्याला पाहून जागीच थबकला.

"हिच्या नावानं का नाही आणल्या?" इद्रिसनं मोडक्या मराठीत विचारलं.





"तिच्या नावाचं कार्ड काढलं असतं तर लगन मोडलं असतं गा. तुले इथं कोण ओळखते?"